चित्रकार आणि चित्रकलेच्या बाई : अ‍ॅल्मा थॉमस यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅल्मा थॉमस म्हणजे कोण?

अ‍ॅल्मा वुडसी थॉमस (१८९१–१९७८) या वॉशिंग्टन शहरातल्या आफ्रिकन-अमेरिकन चित्रकार. त्यांनी ३५ वर्षं एकाच सरकारी शाळेत चित्रकला शिकवली. वयाच्या ८०व्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरलं आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरल्या. ब्रशच्या आखूड, सुट्या फटकाऱ्यांनी भरलेले मोठाले अमूर्त कॅनव्हास ही त्यांची ओळख. कधी हे फटकारे उभ्या रांगांत येतात, कधी एकात एक वर्तुळांत.

त्यांनी सत्तरीनंतर चित्रं काढायला सुरुवात केली, हे खरं का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तरही याचंच दिलं जातं. “निवृत्त झाल्या, ब्रश हातात घेतला आणि प्रसिद्ध झाल्या” ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला फार सोयीची आहे. वाचणाऱ्यालाही उमेद येते. पण तारखा बघा. १९२४ साली, म्हणजे वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातून कलेची पदवी घेतली. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून कलाशिक्षणातली पदव्युत्तर पदवी घेतली. १९४३ मध्ये एक गॅलरी उभी करायला मदत केली. १९५० पासून दहाएक वर्षं नोकरी सांभाळून अमेरिकन युनिव्हर्सिटीत रात्री आणि शनिवारी चित्रकलेचे वर्ग केले. या सगळ्या काळात त्या रंगवत होत्या, प्रदर्शनांत चित्रं लावत होत्या. आधी वास्तववादी स्थिरचित्रं, मग हळूहळू अमूर्ताकडे सरकणारी तैलचित्रं.

निवृत्तीनंतर त्यांना दिवसभराचा वेळ मिळाला, एवढंच खरं. ज्या शैलीसाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं ती मात्र ७५च्या आसपास सापडली. पण तिच्या मागे चाळीसेक वर्षांचं रंगकाम होतं. ते वगळून नुसता शेवट सांगितला तर शाळेतली वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. माझ्या मते तीच वर्षं त्यांच्या कामाचा अर्धा भाग आहेत.

त्यांचं बालपण कुठे गेलं? कुटुंब वॉशिंग्टनला का आलं?

जन्म २२ सप्टेंबर १८९१, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी. चार बहिणींत त्या थोरल्या. वडील व्यापारी, आई कपडे बेतून शिवण्यात तरबेज. घर टेकडीवर, मोठं आणि खाऊनपिऊन सुखी होतं. निसर्ग आणि रंग यांचं वेड तिथल्या बागेतून आल्याचं त्या सांगायच्या.

पण पैसा असून उपयोग नव्हता. गावात कृष्णवर्णीय मुलींसाठी हायस्कूलच नव्हतं. त्यातच १९०६ साली अटलांटा शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली आणि दक्षिणेत राहणं दिवसेंदिवस भीतीचं होत गेलं. १९०७ मध्ये थॉमस कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं. वॉशिंग्टनमध्येही शाळा वेगळ्याच होत्या, तरी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या शाळा देशात चांगल्यांत गणल्या जात. पोटोमॅक नदी ओलांडण्याआधी आईने मुलींना बुटांतली जॉर्जियाची वाळू झटकून टाकायला सांगितली, ही आठवण थॉमसबाई उतारवयातही सांगत.

लोगन सर्कलजवळ, १५व्या रस्त्यावर कुटुंबाने घर घेतलं. थॉमसबाई मरेपर्यंत, सत्तर वर्षं, त्याच घरात राहिल्या.

त्यांना चित्रकारच व्हायचं होतं का?

आधी वास्तुविशारद व्हायचं होतं. आर्मस्ट्राँग मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूलमध्ये गणित आणि वास्तूंची रेखाटनं यांत त्या पुढे होत्या. पण त्या काळी कृष्णवर्णीय मुलीने इमारती बांधायच्या म्हणजे स्वप्नच. हाताशी होती ती शिक्षिकेची वाट. मायनर नॉर्मल स्कूलमधून बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, मेरीलँडमध्ये थोडं शिकवलं आणि पुढे डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन गावी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका समाजकेंद्रात काही वर्षं काढली.

१९२१ मध्ये, तिशीत, त्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाल्या त्या गृहशास्त्रासाठी. नाटकाचे पोशाख बेतायचे, असा विचार होता. तिथे जेम्स हेरिंग हे प्राध्यापक नवा कला विभाग उभा करत होते. त्यांनी या विद्यार्थिनीला आपल्या विभागात ओढलं. १९२४ मध्ये त्या विभागातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्या पहिल्याच.

शिक्षिका म्हणून त्यांनी नेमकं काय केलं?

१९२५ मध्ये त्या शॉ ज्युनियर हायस्कूलमध्ये रुजू झाल्या आणि १९६० मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. वॉशिंग्टनच्या शाळांमधला वर्णभेद कायद्याने संपला तो १९५४ साली. म्हणजे त्यांच्या ३५ वर्षांच्या नोकरीतली पहिली २९ वर्षं वेगळ्या काढलेल्या, कमी पैशांत चालणाऱ्या शाळेत गेली.

चित्रकलेचा तास म्हणजे अनेक शाळांत फावला वेळ समजला जातो. थॉमसबाईंनी तो तसा होऊ दिला नाही. १९३६ मध्ये त्यांनी ‘स्कूल आर्ट्स लीग’ नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांसाठी कलेवरची व्याख्यानं, कलासंग्रहालयांच्या सहली असं त्याचं स्वरूप होतं. १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांमधली पहिली कलादालनाची जागा त्यांनी उघडली आणि हॉवर्डच्या संग्रहातून कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं आणून तिथे लावली. जरा थांबून विचार करा. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, ज्याच्या घरच्यांना शहरातल्या बऱ्याच ठिकाणी मज्जाव, तो मधल्या सुटीत आपल्याच शाळेच्या भिंतीवर आपल्याच समाजातल्या माणसाने काढलेलं खरंखुरं चित्र बघतोय. पुस्तकातलं छापील नव्हे, रंगाचा थर दिसणारं. अभ्यासक्रमात याचा कुठे उल्लेख नव्हता, बाईंनी आपणहून केलेलं काम होतं ते.

कळसूत्री बाहुल्यांचा काय संबंध?

मोठा आहे. कोलंबियातल्या पदव्युत्तर पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषयच दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा घेतला होता. १९३५ मध्ये त्या काळचे नावाजलेले बाहुलीकार टोनी सार्ग यांच्याकडे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पुढचे धडे घेतले. पिंगुळीचे खेळ पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको की ही एकच कला अनेक हातांना काम देते. लाकूडकाम, शिवणकाम, रंगकाम, आवाज, पडदा असं सगळं त्यात येतं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला काही ना काही जमतंच.

यामागे आणखी एक कारण होतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. हे धोरण सोडण्यापेक्षा १९४८ मध्ये मालकांनी नाटकं बंद केली. सर्वांसाठी खुलं होऊन पडदा पुन्हा उघडला तो १९५२ साली. तोवर मुलांनी नाटक बघायचं कुठे? थॉमसबाईंनी ते शाळेत आणलं.

बार्नेट-एडन गॅलरी काय होती?

१९४३ मध्ये हेरिंग आणि अलोन्झो एडन यांनी आपल्या राहत्या घरात, रँडॉल्फ प्लेसवर, सुरू केलेली खाजगी गॅलरी. एडन यांच्या आईचं नाव तिला दिलेलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या अमेरिकेतल्या पहिल्या यशस्वी गॅलऱ्यांत ती मोडते. थॉमसबाई तिच्या उपाध्यक्ष होत्या. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांची चित्रं शेजारी शेजारी लागत. शहरातल्या उपाहारगृहांतही दोघांना एकत्र बसता येत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

नोकरी सांभाळून त्यांनी स्वतःची चित्रकला कशी टिकवली?

शिकत राहून. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉवर्डच्या प्राध्यापिका, चित्रकार लोइस मायलू जोन्स आणि त्यांची फ्रेंच मैत्रीण सेलीन ताबारी यांच्या स्टुडिओत काही जणांचा गट जमू लागला. बहुतेक जण शाळामास्तर. मॉडेल बसवायचं, रेखाटायचं, एकमेकांच्या चित्रांवर बोलायचं. गटाचं नाव ‘लिटल पॅरिस’.

याच जोन्सबाईंची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कॉर्कोरन गॅलरीच्या स्पर्धेत कृष्णवर्णीयांना भाग घेता येत नसे. म्हणून १९४१ मध्ये त्यांचं चित्र ताबारीने नेऊन दिलं, आणि त्या चित्राला बक्षीस मिळालं. चित्रकार कोण हे परीक्षकांना ठाऊकच नव्हतं. ३१ वर्षांनी त्याच कॉर्कोरनमध्ये थॉमसबाईंचं एकल प्रदर्शन भरलं.

१९५० पासून अमेरिकन युनिव्हर्सिटीतले वर्ग सुरू झाले. पन्नाशी उलटून गेलेली शिक्षिका आपल्यापेक्षा लहान माणसांकडून अमूर्त चित्रकला शिकत होती. जेकब केनन हे तिथले त्यांचे शिक्षक, पुढे मित्र. याच वर्गांत त्यांच्या चित्रांतले आकार सुटे होऊ लागले आणि रंग पुढे आला.

मग १९६६ साली असं काय घडलं?

१९६४ मध्ये संधिवाताने त्यांना इतकं बेजार केलं की आता रंगवणं संपलं, असं वाटायला लागलं. त्याच सुमाराला हॉवर्डचे कला-इतिहासकार जेम्स पोर्टर यांनी त्यांच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बाईंना वाटलं, आजवर कधी कोणी काढलं नाही असं काहीतरी नवं त्यात असायला हवं.

दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर हॉलीचं झाड होतं. सदाहरित, काटेरी पानांचं. खुर्चीत बसून त्या ते बघत राहायच्या. काचेच्या तावदानातून येणारा उजेड पानांच्या फटींतून जमिनीवर, भिंतीवर तुकड्या-तुकड्यांनी पडायचा. वारा आला की तुकडे हलायचे. झाड काढायच्या फंदात त्या पडल्या नाहीत, हे तुकडेच त्यांनी कॅनव्हासवर घेतले. इथून पुढे बारा वर्षं, शेवटापर्यंत, त्यांनी याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला.

ही चित्रं त्या कशा काढत? फार मोजूनमापून केलेली वाटतात.

लांबून तशी वाटतात, जवळ गेल्यावर नाही.

आधी जलरंगात लहान लहान कच्ची चित्रं करायची. ती कापायची, तुकडे मागेपुढे सरकवायचे, चिकटपट्टीने जोडायचे. मनासारखं झालं की मोठा कॅनव्हास. त्यावर पेन्सिलीने हलक्या खुणा. पुष्कळ चित्रांत त्या आजही दिसतात, त्यांनी पुसायची तसदी घेतलेली नाही. रांगा सरळ राहाव्यात म्हणून कॅनव्हासभोवती इलॅस्टिकची पट्टी ताणून बसवायच्या आणि तिच्या आधाराने रंगवायच्या. रंग अ‍ॅक्रिलिक, लवकर वाळणारा. मोठा स्टुडिओ नव्हता. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना, एवढीच जागा. कॅनव्हासची एक कड मांडीवर, दुसरी सोफ्याला टेकवलेली, आणि एका बाजूचं झालं की तो फिरवून घ्यायचा.

‘स्टारी नाइट अँड द अ‍ॅस्ट्रोनॉट्स’ (१९७२) हे चित्र उदाहरणादाखल घ्या. सगळा कॅनव्हास निळ्याच्या उभ्या तुटक रांगांनी भरलेला. पण निळा एक नाही. गडद शाईसारखा, आकाशी, मधेच हिरवट. फटकाऱ्यांमधल्या फटींतून पांढरं चमकतं, त्या झाल्या चांदण्या. आणि वर उजव्या कोपऱ्यात लाल, नारिंगी, पिवळ्याचा एवढासा पुंजका, म्हणजे यान. पाच फूट उंचीच्या चित्रात तो इतका छोटा आहे की आकाशाचा आवाका आपोआप कळतो. कोणताही फटकारा पट्टीने आखलेला नाही. प्रत्येकाची कड थोडी थरथरते. संधिवाताच्या हाताचं ते लक्षण म्हणून कोणी दाखवतात. पण त्या थरथरीमुळेच चित्र हलतं, हे बघणाऱ्याला जाणवतंच.

सत्तरीतल्या बाईंना अंतराळाचं वेड कुठून लागलं?

टीव्हीवरून. त्या स्वतः कधी विमानातही बसल्या नव्हत्या; अंतराळयान, चंद्र, मंगळ हे सगळं त्यांनी पाहिलं ते पडद्यावर आणि छायाचित्रांत. आपण घोडागाडीच्या जमान्यात जन्मलो आणि माणूस चंद्रावर गेलेला रंगीत टीव्हीवर पाहिला, याचं त्यांना अपार कौतुक होतं आणि तसं त्या बोलूनही दाखवत. मे १९६९ मध्ये अपोलो १० मोहिमेतल्या चांद्रयानाचं टोपणनाव ‘स्नूपी’ होतं; त्यावरून त्यांनी एक मालिकाच केली. स्नूपीला वरून पृथ्वी कशी दिसत असेल, अशी कल्पना. ‘ब्लास्ट ऑफ’ (१९७०) आज वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे. ७ मार्च १९७० च्या सूर्यग्रहणाच्या साली केलेल्या ‘द एक्लिप्स’मध्ये मध्यापासून जरा बाजूला सरकलेली गडद तबकडी आणि तिच्याभोवती रंगांची कडी आहेत. ‘मार्स डस्ट’ (१९७२) हे लाल चित्र मंगळावरच्या धुळीच्या वादळावरून सुचलेलं. मरिनर ९ यान त्या सुमारास मंगळाभोवती फिरत होतं. ते व्हिटनीने विकत घेतलं.

त्यांचा संबंध कोणत्या चित्रशैलीशी जोडतात?

‘वॉशिंग्टन कलर स्कूल’शी. मॉरिस लुईस, केनेथ नोलँड, जीन डेव्हिस ही त्यातली मोठी नावं. रंग हाच विषय, ही भूमिका सारखी. फरक इतकाच की ती मंडळी निसर्गाचं नाव काढत नसत आणि थॉमसबाई चित्राला अझालिया, आयरिस, ट्युलिप अशी सरळ फुलांची नावं देत.

वर्णभेदाचा एवढा अनुभव असून त्यांच्या चित्रांत तो का दिसत नाही?

हा आक्षेप त्या हयात असतानाही घेतला गेला. १९६० आणि ७०च्या दशकांत अनेक तरुण कृष्णवर्णीय कलावंतांचं म्हणणं होतं की कलेने लढ्यात उतरलं पाहिजे. लोक रस्त्यावर मार खात असताना फुलाफुलांची अमूर्त चित्रं काढणं त्यांना पळपुटेपणा वाटे.

थॉमसबाईंचं उत्तर सरळ होतं. माणूस माणसाशी किती क्रूर वागतो हे दाखवण्यापेक्षा रंगांतून सौंदर्य आणि आनंद यांवर लक्ष द्यावं, अशी त्यांची भूमिका. ‘कृष्णवर्णीय कलाकार’ हे बिरुदही त्यांना नको असे. मी चित्रकार आहे, अमेरिकन आहे, असं त्या म्हणत.

लढ्याकडे त्यांनी पाठ फिरवली होती असंही नाही. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनवरील मोर्चात, वयाच्या ७१व्या वर्षी, त्या ऑपेरा गायिका लिलियन इव्हान्स या मैत्रिणीबरोबर चालल्या. त्यावर त्यांनी चित्रही केलं. पण पुढे त्या वाटेने गेल्या नाहीत.

मला विचाराल तर ज्या बाईने २९ वर्षं वेगळ्या काढलेल्या शाळेत कलादालन उघडलं, नाटक बंद असलेल्या मुलांसाठी नाटक उभं केलं, तिच्याकडून कॅनव्हासवरही घोषणा मागणं जरा जास्तच आहे. मात्र एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी नजरेआड करू नये. व्हिटनीचं दार उघडलं ते आपोआप उघडलं नाही. १९६८-६९ पासून कृष्णवर्णीय कलावंत संग्रहालयांबाहेर निदर्शनं करत होते, व्हिटनीशी वाटाघाटी करत होते. त्या रेट्यामुळे तिथे कृष्णवर्णीयांच्या छोट्या एकल प्रदर्शनांना जागा मिळू लागली, आणि थॉमसबाईंचं प्रदर्शन त्यातलंच एक. ज्यांना त्यांची चित्रं मवाळ वाटत त्यांच्यापैकी काहींनीच हे दार ढकललं होतं.

व्हिटनीच्या प्रदर्शनानंतर काय झालं?

१९७२च्या वसंतात व्हिटनी, त्याच वर्षी कॉर्कोरन. वॉशिंग्टनच्या महापौरांनी ९ सप्टेंबर १९७२ हा दिवस ‘अ‍ॅल्मा थॉमस दिन’ म्हणून जाहीर केला. लहानपणी आम्हाला संग्रहालयात पाऊल टाकता येत नसे, तिथे आपली चित्रं लागण्याचा विचार तर दूरच, आणि आता बघा मला, असं त्यांनी तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. वर्तमानपत्रांनी वयाचं कौतुक जरा जास्तच केलं. ‘सत्तरीत सुरुवात’ ही दंतकथाही बहुधा तिथूनच रुजली असावी.

त्यांनी लग्न केलं होतं का?

नाही. धाकट्या बहिणीबरोबर त्या वडिलोपार्जित घरात राहिल्या.

त्यांनी मातीसची नक्कल केली, असा आरोप आहे ना?

‘वाटुसी (हार्ड एज)’ या १९६३च्या चित्राबद्दल तो होतो. २००९ मध्ये ओबामा दांपत्याने हे चित्र व्हाइट हाउससाठी उसनं घेतलं आणि इंटरनेटवर बोंब उठली. फ्रेंच चित्रकार आँरी मातीसने १९५३ मध्ये रंगीत कागद कापून ‘गोगलगाय’ हे भलंमोठं चित्र केलं होतं. थॉमसबाईंनी त्यातले आकार घेतले, रचना फिरवली, रंग बदलले, आणि आकारही कमी केला. त्यांचं चित्र मूळ चित्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. जुन्या उस्तादाची रचना घेऊन तिच्यावर स्वतःचे रंग आजमावणं हा चित्रकारांचा जुना रियाज आहे. गायक गुरूची बंदिश गातो, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. शिवाय यात लपवाछपवी काही नव्हती. हो, पण हे त्यांचं सर्वोत्तम काम नव्हे. त्यांची ओळख करून घ्यायची तर इथून सुरुवात करू नका.

व्हाइट हाउसमध्ये आज त्यांचं चित्र आहे का?

‘वाटुसी’ परत गेलं, भिंतीवर नीट बसेना म्हणून. पण ‘रिझरेक्शन’ (१९६६) हे एकात एक रंगीत वर्तुळांचं चित्र व्हाइट हाउसच्या कायमच्या संग्रहासाठी घेतलं गेलं आणि २०१५ मध्ये जुन्या फॅमिली डायनिंग रूममध्ये लागलं. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने काढलेलं त्या संग्रहातलं ते पहिलं चित्र. खुद्द थॉमसबाई १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये जाऊन आल्या होत्या.

त्यांच्या चित्रांना आज काय किंमत येते?

२०१९ मध्ये ‘अ फँटॅस्टिक सनसेट’ हे १९७०चं चित्र ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे २६.५ लाख डॉलरला गेलं. नकली प्रती आणि ‘थॉमस शैलीतली’ छापील चित्रं ऑनलाइन ढिगाने मिळतात, त्यांना भुलू नका.

सगळ्यात मोठं चित्र कोणतं?

गाजलेल्यांमध्ये ‘रेड अझालियाज सिंगिंग अँड डान्सिंग रॉक अँड रोल म्युझिक’ (१९७६). तीन कॅनव्हास जोडून सहा फूट उंच आणि तेरा फूट रुंद. पांढऱ्यावर लाल तुकडे. डावीकडे दाट, उजवीकडे जाता जाता सुटे होत गेलेले. हे केलं तेव्हा त्या ८४-८५ वर्षांच्या होत्या, संधिवात होताच, मधे कमरेचं हाड मोडून बराच काळ काम बंद पडलं होतं. आधीच्या चित्रांतल्या शिस्तीच्या रांगा इथे मोडल्यात. वेड्यावाकड्या चकत्या झाल्यात त्यांच्या. मला त्यांचं हे अखेरच्या काळातलं काम सगळ्यात जास्त आवडतं. इतकी वर्षं घालून दिलेली शिस्त स्वतःच उधळून लावायची हिंमत फार थोड्या चित्रकारांत असते, आणि त्या वयात तर विरळाच.

त्यांचं निधन कधी झालं?

२४ फेब्रुवारी १९७८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये, हृदयशस्त्रक्रियेनंतर. १५व्या रस्त्यावरचं घर अजून उभं आहे आणि ऐतिहासिक वास्तू म्हणून त्याची सरकारी नोंद आहे.

शाळेत मुलांकडून यावरून काही करून घेता येईल का?

येईल, आणि खर्च जवळपास नाही. एका ड्रॉइंग पेपरवर मुलांना तीनच जलरंग देऊन पूर्ण कागद रंगवू द्या. पाणी कमीजास्त करून एकाच रंगाच्या छटा येऊ देत. वाळला की कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या आणि पांढऱ्या कागदावर थोडी थोडी फट ठेवून मांडायच्या. डिंक शेवटी. आधी पंधरा मिनिटं नुसतं सरकवणं. खिडकीतून दिसणारं झाड समोर ठेवलं तर उत्तम, पण झाडाचा बाह्याकार काढायला बंदी. ज्या मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीने पट्टी-रबराशी फारच गट्टी झालेली असते, त्यांचा पहिला कागद बिघडणार हे धरून चाला. दुसऱ्या कागदावर हात सुटतो.

त्यांची चित्रं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

सगळ्यात मोठा सार्वजनिक संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे, आणि प्रवेश फुकट आहे. ‘रेड अझालियाज’ आणि ‘द एक्लिप्स’ ही दोन्ही तिथलीच. त्याच शहरात नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स, फिलिप्स कलेक्शन आणि हिरशहॉर्न इथेही त्यांची चित्रं आहेत. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना तर एका शनिवारात दोन-तीन ठिकाणं सहज होतील. ‘स्टारी नाइट’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जन्मगावी कोलंबस म्युझियमकडे चित्रांबरोबर त्यांच्या बाहुल्या आणि कागदपत्रंही आहेत. संग्रहातलं चित्र दरवेळी भिंतीवर असेलच असं नाही, फिरत्या प्रदर्शनांना पाठवलेलं असतं किंवा कोठारात ठेवलेलं असतं. तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते चित्र सध्या मांडलेलं आहे का, एवढं बघून घ्या. इतक्या लांब जाणं शक्य नसेल तर तिथेच चित्र मोठं करून बघा, पेन्सिलीच्या खुणासुद्धा दिसतात.